तांबीची पहिली पाळी

मुंबईतली माणसं गाडी ज्या स्टेशनात उभी असते त्या स्टेशनात सहसा नसतात. दादरला उतरायचं असेल तर सायन मागे पडलं की उठायचं, दाराकडे सरकायचं, पुढच्या बाईला "दादर ना?" म्हणून विचारून ठेवायचं, फलाट कोणत्या हाताला येणार ते डोक्यात पक्कं करायचं. माटुंगा येतं आणि जातं. ते डब्यातल्या कुणी पाहिलेलंच नसतं. दादरला पाय टेकेपर्यंत मन पुलावर पोचलेलं असतं, पुलावर चढेपर्यंत भाजीच्या टोपलीशी, आणि भाजी घेताना उद्याच्या डब्याशी. असं वागलं नाही तर या शहरात वेळेवर उतरताही येत नाही, म्हणून त्याला मी दोष देत नाही. पण सवय गाडीपुरती राहत नाही. ती घरात येते, ताटावर बसते, आपल्या माणसाशी बोलतानाही सुटत नाही.

हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोघांनी 2010 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापला होता. 2,250 माणसांच्या फोनवर दिवसातून मध्येच केव्हाही प्रश्न जायचा: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, आणि बरं वाटतंय का? जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. त्यातला मला लक्षात राहिलेला भाग पुढचा आहे. मन एखाद्या छान गोष्टीकडे गेलेलं असलं, तरी ती माणसं हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा जास्त सुखी नव्हती.

म्हणून मग चहूकडून सल्ला येतो, आत्ताच्या क्षणात जगा. आणि उदाहरण दिलं जातं कुत्र्या-मांजरांचं. बघा, त्यांना काल नाही, उद्या नाही, कसे मजेत असतात! हे ऐकलं की मला गप्प बसवत नाही. कारण काल आणि उद्या दोन्ही हातातून गेले की काय होतं, ते मी घरात रोज बघते. आमच्या घरात तांबी ही कुत्री आहे आणि बाबा आहेत.

बाबा लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. सातारा जिल्ह्यातल्या पाटणकडच्या गावातून मिसरूड फुटायच्या वयात आले, आधी बदली कामगार, मग कायम. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं गिरणीबाहेर आली, त्यात तेही होते. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. नंतर त्यांनी वॉचमनची नोकरी केली, आम्हाला शिकवलं, आईचं दुखणं काढलं. आमची चाळ पाडून तिथे उंच इमारत झाली तेव्हा वरच्या मजल्याच्या खिडकीतून ते गिरणीची चिमणी शोधायचे. तेव्हा अजून ते बाबा होते. आता त्यांना अल्झायमर आहे.

या आजारात ताज्या आठवणींना आधी झळ लागते आणि जुन्या बराच काळ टिकून राहतात. त्यामुळे बाबांना सकाळी चहा झाला की नाही ते सांगता येत नाही, पण साच्यावर धोटा अडकला तर तो कसा सोडवायचा ते हाताने करून दाखवता येतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, हा माणूस किती निवांत, फक्त आत्तामध्ये जगतोय. तसं नाही. आपण या खोलीत कसे आलो ते माहीत नसलेला माणूस निवांत नसतो. तो पलंगाच्या कडेला बसून भिंती बघतो, दाराची कडी चाचपतो, "माझी माणसं कुठायत?" म्हणून विचारतो. मागचं-पुढचं काही नसलेला क्षण असा असतो. तिथे पाय ठेवायला जमीन नसते. म्हणून 'काल विसरा' हा सल्ला कुणी सहज देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणि तांबी? तांबी काही विसरत नाही.

ती गावठी आहे, अंगाने तांबडी, छातीवर पांढरा ठिपका. मसाल्याच्या दुकानाच्या बंद शटरला टेकून बसलेलं पिल्लू मी घरी आणलं ते ती. डाव्या कानाला छोटी खाच आहे, नसबंदी झालेल्या कुत्र्याची खूण. आता तोंडाभोवती पांढरी झालीये. फटाक्यांची पहिली लड लागायच्या कितीतरी आधी, वाणसामानाच्या दुकानाबाहेर पेट्या रचलेल्या दिसल्या की ती त्या बाजूने जायला तयार होत नाही. गणपतीत ढोल दूर भायखळ्याकडे वाजत असतो, आम्हाला ऐकूही येत नसतो, तेव्हा ती कॉटखाली गेलेली असते. जिने एकदा तिला पोळी दिली त्या बाईला ती वर्षभराने गर्दीत शोधून काढते. हिला काल नाही म्हणणाऱ्याने आमच्या लालबागमध्ये एकदा तिच्याबरोबर चालून बघावं.

बुडापेस्टमध्ये क्लाउडिया फुगाझ्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 17 कुत्र्यांवर एक सुंदर प्रयोग केला होता, 2016 साली तो प्रसिद्ध झाला. मालकाने केलेली कृती 'तूही कर' म्हटल्यावर करून दाखवायचं या कुत्र्यांना शिकवलेलं होतं. मग त्यांना दुसरीच सवय लावली, मालक काहीही करो, आपण फक्त खाली बसायचं. आणि मग अचानक, कुत्रा बसायच्या तयारीत असताना, जुनी आज्ञा दिली. लक्षात ठेवायचं म्हणून त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. तरी बऱ्याच कुत्र्यांनी ती कृती करून दाखवली, काहींनी तासाभरानेही, जरी तोवर ती आठवण पुसट व्हायला लागली होती. म्हणजे जे समोर चाललेलं असतं ते, उपयोग असो नसो, त्यांच्यात उतरत असतं.

त्यात त्यांचं नाक. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे त्या बारा कोटींपासून तीस कोटींपर्यंत असल्याचं सांगतात. नाकपुडीच्या बाजूला चीर असते, उच्छ्वास तिथून बाहेर पडतो आणि समोरून नवा वास आत येत राहतो. माग काढणारा कुत्रा ओळीने चार-पाच पावलांचे ठसे हुंगतो आणि माणूस कोणत्या दिशेला गेला ते ठरवतो. आधीच्या पावलाचा वास नंतरच्या पावलापेक्षा कणभर जास्त शिळा असतो, तेवढा फरक त्याला पुरतो. मला हे वाचून तांबीचं रस्त्यावरचं थांबणं कळलं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा खांब हा तिच्यासाठी एकाच वेळी काल रात्र, पहाट आणि आत्ता असतो. तिचा भूतकाळ गेलेला नसतो, तो तिथेच खांबावर असतो, विरत चाललेला. वाऱ्यावर येतो तो तिचा पुढचा काळ. हे सगळं ती उभी असते त्या जागी, त्या श्वासात गोळा होतं.

लालबागमध्ये नाकाला काम किती! मार्च ते मे मसाल्याचे दिवस. बेडगी, संकेश्वरी, लवंगी यांची पोती रस्त्यापर्यंत आलेली, मिरच्या भाजण्याचा ठसका, मसाला कुटणाऱ्या यंत्रांची धडधड, लांबून लांबून वर्षाचा मसाला करून न्यायला आलेल्या बाया. तांबी चार शिंका देते आणि तरी तिथूनच जाते. पुढे चिवडा गल्लीत तळणीचा वास. भारतमाता टॉकीजच्या बाजूला ओल्या रद्दीचा. ती प्रत्येक ठिकाणी थांबते आणि मी पट्टा धरून उभी राहते. पट्टा ओढावासा वाटतो तो माझ्या मनातल्या घड्याळामुळे. तिचं तिथलं काम संपलेलं नसतं.

आता पहाटेबद्दल सांगते, कारण ते सांगायलाच हे लिहायला घेतलं.

बाबांना पहाटे भोंगा ऐकू येतो. गिरणगावात भोंगा वाजायचा बंद होऊन जमाना झाला, पण त्यांना येतो. पहिली पाळी सात वाजताची. ते उठतात, अंधारात पँट चढवतात, "माझा पास कुठाय?" म्हणून खणात हात घालतात. भाऊ नवी मुंबईहून राहायला आलेला असला की समजावतो, "बाबा, गिरणी बंद झाली. तिथे आता मॉल आहे. झोपा बघू." बाबा त्याच्याकडे बघतात. त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते दर वेळी नवं असतं, कारण दर वेळी गिरणी त्यांच्यासाठी त्याच क्षणी बंद पडते. डॉक्टरही सांगतात, वाद घालू नका, चूक दाखवून देऊ नका. सांगणं सोपं आहे. आपल्या वडिलांना, ज्यांनी आपल्याला पाढे शिकवले, त्यांना चुकीचं बोलू द्यायला जीभ वळत नाही.

तांबीला असल्या गोष्टींची अडचण नव्हती. एका पहाटे बाबा चपला घालून दाराशी गेले आणि ती उठली, अंग झाडलं, त्यांच्या आधी दाराशी जाऊन उभी राहिली. चपला घातलेला माणूस दाराशी आहे, म्हणजे खाली जायचं. गिरणी चालू की बंद हा प्रश्न तिच्यापुढे नव्हताच. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चल, उशीर होतोय." मी चावी घेतली आणि त्या दोघांच्या मागून गेले.

तेव्हापासून तसंच चालतं. लिफ्टमध्ये तांबी त्यांच्या पायाला टेकून उभी राहते. वॉचमन "नमस्ते बाबा, ड्यूटी?" म्हणतो, बाबा मान हलवतात. रस्त्यावर दूधवाले, पेपरवाले, रात्रपाळी संपवून येणारा एखादा तरुण, हातात लॅपटॉपची बॅग. बाबा ताठ चालतात, घरात चालतात त्यापेक्षा खूप ताठ. तांबी थांबली की तेही थांबतात. हे मला कधी जमलं नसतं. तिच्या प्रत्येक थांबण्याला ते थांबतात आणि ती काय हुंगते ते लक्ष देऊन बघतात. एकदा म्हणाले, "हिला सगळं ठावं असतंय." जिथे त्यांचं गेट होतं तिथे आता काचेचा दरवाजा आणि सुरक्षारक्षकाची खुर्ची आहे. बाबा उभे राहतात, वर बघतात. कधी म्हणतात, "आज सुट्टी दिसती." कधी काहीच म्हणत नाहीत. तांबी फुटपाथवर बसते. ती बसली की बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवतात, आणि थोड्या वेळाने आम्ही माघारी फिरतो.

घरी आल्यावर आपण कुठे गेलो होतो ते त्यांना आठवत नाही. पण ती सकाळ बरी जाते. दाराची कडी चाचपणं नाही, मुठी आवळणं नाही. आयोवा विद्यापीठात 2014 साली अल्झायमरच्या रुग्णांना आनंदाची आणि दुःखाची चित्रफीत-दृश्यं दाखवून पाहिलं होतं. काय पाहिलं ते पुढे बऱ्याच जणांना सांगता आलं नाही, पण पाहताना जे वाटलं होतं ते आठवण गेल्यावरही मागे राहिलं. हे वाचल्यावर माझ्या मनावरचं एक ओझं उतरलं. "त्यांना कुठे लक्षात राहणार आहे?" असं लोक म्हणतात, भेटायला न येण्याचं कारण म्हणून म्हणतात. भेट लक्षात राहत नाही, बरं वाटणं राहतं.

तांबीला खोकला झाला तेव्हा तिला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे त्याचं नाव, पण गिरणगावात ते बैलघोडाच; 19व्या शतकात या शहराचं ओझं बैल आणि घोडे वाहत होते, त्यांच्यासाठी ते उभं राहिलं. साकरबाईंचे पती दिनशॉ पेटिट हे मुंबईच्या पहिल्या बड्या गिरणीमालकांपैकी. बाबांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून तेही बरोबर आले. बाकावर बसले आणि स्पष्ट म्हणाले, "पेटिट शेठचा दवाखाना." मग आजूबाजूला बघू लागले. पंख तुटलेली घार, पाय बांधलेलं वासरू, पिशवीत मांजर घेऊन आलेली शाळकरी पोरगी. बाबा त्या मुलीला म्हणाले, "बरं होईल हां." त्यांचं चित्त त्या सकाळी माझ्यापेक्षा जागेवर होतं. मी हाफ डे आणि घाटकोपरच्या मीटिंगचा हिशोब करत होते.

तांबी बाबांशी वागते ते मी इतके दिवस नुसतं प्रेम समजत होते. प्रेम आहेच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते कुत्र्यांकडून शिकण्यासारखी तीच आहे. आम्ही सगळे बाबांकडे बघतो तेव्हा आम्हाला दोन माणसं दिसतात. एक, पूर्वीचे बाबा, ज्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. दुसरे, पुढचे बाबा, जे गिळायचंही विसरतील, ज्यांच्याबद्दल आम्ही भावंडं रात्री फोनवर हळू आवाजात बोलतो. पलंगाच्या कडेला खरोखर जे बसलेले असतात त्यांच्याकडे बघायला कुणी उरत नाही. तांबीला बाकीचे दोघे दिसत नाहीत. तिला दिसतात आत्ताचे हात, आत्ताचा श्वास, अंगाचा आत्ताचा वास. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. 2022 साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात दाखवून दिलं गेलं की शिकवलेले कुत्रे एकाच माणसाचा निवांत असतानाचा आणि ताणात असतानाचा घाम-श्वास वेगळा ओळखतात. आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये छापलेला जुना प्रयोग आहेच: कुत्र्याचा तो 'मी केलं' असा अपराधी चेहरा त्याने खरंच काही केलं असण्यावर अवलंबून नव्हता, मालक रागावतोय की नाही यावर होता. कुत्रा आपल्या त्या क्षणीच्या चेहऱ्याला उत्तर देत असतो. भाऊ समजावताना त्याच्या आवाजाला धार आली की तांबी खोलीबाहेर जाते. बाबाही तसेच उठून जाऊ पाहतात. त्या दोघांना शब्द कळायच्या आधी सूर कळतो.

यासाठी कुत्रा पाळलाच पाहिजे असं मी कुणाला सांगणार नाही. मुंबईत जागा नाही, पैसा लागतो, सोसायटीत भांडणं होतात, आणि म्हाताऱ्या माणसाच्या औषधासारखा जीव आणून ठेवणं त्या जीवावर अन्याय आहे. तांबी बाबांसाठी आणलेली नव्हती. ती तिचं जगणं जगते, त्यात बाबांना जागा आहे, एवढंच. पट्टा ओढायची घाई मला अजूनही होते, पण ती थांबली की मीही आता जमेल तेवढी थांबते.

बाबा तिला तांबी म्हणतही नाहीत. कधी मोत्या, कधी वाघ्या, कधी नुसतं "ए पोरी". वाघ्या गावाकडच्या मळ्यावरचा कुत्रा, बाबांच्या लहानपणीचा. ती प्रत्येक नावाला शेपूट हलवत जाते. हाक तिच्यासाठी आहे हे तिला कळतं, नाव कुणाचंही असो.

मला ते आक्का म्हणतात. आक्का म्हणजे माझी थोरली आत्या, जाऊन फार वर्षं झाली. सुरुवातीला मी "बाबा, मी आहे" म्हणायचे, कोणतीही मुलगी म्हणेल तसंच. आता "ओ" देते. "ओ" दिली की पुढचं बोलणं सुरू होतं, आणि त्यात असलं काय काय निघतं जे घरात आम्ही कुणी कधी ऐकलेलं नाही. मळ्यातल्या विहिरीला कितव्या परसाला पाणी लागलं, ढवळ्या बैल का विकला, मुंबईला निघताना आक्काने कमरेला बांधून दिलेले पैसे कऱ्हाडपर्यंत कसे तीनदा मोजले.

परवा संध्याकाळी हाक आली, "आक्का, मोटंचा नाडा बदलला का गं?"

"बदलला की."

"कुणी?"

मला गावातलं कुठलंच नाव पटकन सुचेना. म्हटलं, "तूच बदललास की रं."

बाबा विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "व्हय, म्याच." आणि नाडा कसा वळतात ते सांगू लागले, आधी तांबीला, ती जवळ होती म्हणून. अंबाडी भिजत घालायची, वाख सोलायचा, वाळवायचा, मग दोघांनी दोन टोकं धरायची. त्यांचे हात हवेत वळायला लागले. कुकरची शिट्टी झाली होती. मी गॅस बंद करून आले, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, पीळ कोणत्या हाताने द्यायचा?